एल.एम.अँड एस.मधला 'एल' म्हणजे परवाना नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांच्या पितळी पाटीवर 'एल.एम.अँड एस. (बॉम्बे)' आहे, त्यांच्या धाकट्या भावाच्या लेटरहेडवर 'एल.सी.पी.एस.' आहे. घराण्याचा इतिहास लिहायचा आहे, तर दोघांच्या नावापुढे एमबीबीएस लिहावं, की 'लायसन्सवाले डॉक्टर' म्हणावं? आणि दोघांत खरा पदवीधर कोण?

थेट उत्तर: पणजोबा विद्यापीठाचे पदवीधर, धाकटे भाऊ वैद्यकीय शाळेतून शिकून पदविका घेतलेले. डॉक्टर दोघंही. एमबीबीएस दोघांच्याही नावापुढे लिहू नका आणि 'लायसन्सवाले' तर मुळीच नको. दोन्ही पाट्यांवरच्या 'एल'चा विस्तार 'लायसेन्शिएट' असाच होतो. घोळ तिथूनच सुरू होतो. कारण मुंबई इलाख्यात १९१२ पर्यंत डॉक्टरकीचा परवाना नावाची गोष्टच नव्हती.

जुनी अक्षरं वाचताना प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारायचे. शिकवलं कुणी? परीक्षा घेतली कुणी? नोंद कुणी केली? आज तिन्हींची उत्तरं एका साखळीत येतात. तेव्हा ती तीन वेगळ्या घरची होती, आणि तिन्ही घरांचे नियम वेगवेगळ्या वेळी बदलले.

आधी पणजोबांचं बघू. मुंबईत १८२६ मध्ये डॉक्टर मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक वैद्यकीय शाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. मग गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाने १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, शेजारी जे.जे. हॉस्पिटल. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, गोव्याचे लिस्बोआ ही मंडळी होती. या लोकांच्या नावापुढे 'जी.जी.एम.सी.' दिसतं, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. मुंबईत विद्यापीठच नव्हतं, तर कॉलेजने आपल्या नावाने किताब दिला. विद्यापीठ आलं १८५७ मध्ये, कॉलेज त्याला जोडलं गेलं १८६० मध्ये. तिथून पुढे परीक्षा विद्यापीठाची आणि किताब 'एल.एम.', लायसेन्शिएट ऑफ मेडिसिन. पुढे त्याला 'अँड एस.', म्हणजे 'अँड सर्जरी', जोडलं गेलं. शल्यकर्म आधी शिकवत नव्हते असा याचा अर्थ नाही, ते पहिल्यापासून होतं. नावात नंतर आलं, एवढंच.

'लायसेन्शिएट' हा शब्द विलायतेहून आला, पण त्याच्या मागचा अधिकार आला नाही. लंडन किंवा एडिंबरोच्या रॉयल कॉलेजचा लायसेन्शिएट म्हणजे खरोखर परवाना मिळालेला माणूस. त्या संस्थांना तसा हक्क होता. मुंबई विद्यापीठ फक्त परीक्षा घेऊन 'हा पास झाला' एवढं सांगू शकत होतं. धंदा कुणी करावा आणि कुणी करू नये यावर त्याचा काडीचा अधिकार नव्हता. मराठीत आपण वकिलाच्या 'सनदे'बद्दल बोलतो, तशी सनद या एल.एम. लोकांच्या हातात कधी पडलीच नाही.

दुसरी गल्लत कलकत्त्यामुळे होते. कलकत्ता विद्यापीठात एल.एम.एस. आणि एम.बी. या दोन परीक्षा शेजारी शेजारी होत्या, आणि एम.बी. वरची मानली जाई. त्यामुळे बंगालबद्दलची माहिती वाचून लोक समजतात की एल.एम.एस. म्हणजे दुय्यम. मुंबईत तशी उतरंड नव्हती. इथे एल.एम.अँड एस. हीच मूळ वैद्यकीय पदवी, आणि तिच्यावर थेट एम.डी. ती एम.डी. फार थोड्यांनी घेतली. अष्टांगहृदयाची प्रत संपादित करणारे अण्णा मोरेश्वर कुंटे हे त्यातले एक. मद्रासमध्ये अक्षरं आणखी वेगळी: 'एम.बी. अँड सी.एम.' अशी. म्हणून अक्षरांमागच्या कंसातलं शहर हा अर्धा अर्थ आहे. पाटीची नक्कल करताना तो कंस गाळला की माहितीच गाळली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत एल.एम.अँड एस. मागे पडून एम.बी.बी.एस. आली. मग जुने एल.एम.अँड एस. कमी दर्जाचे ठरले का? नाही. स्वातंत्र्यानंतरच्या १९५६ च्या वैद्यक परिषद कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मुंबई विद्यापीठापुढे एल.एम.एस. आणि एम.बी.बी.एस. दोन्ही मान्य पात्रता म्हणून आहेत. बरोबरीचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही. तरीही इतिहासात लिहिताना मूळ अक्षरंच लिहा. १८९८ सालच्या माणसाला एमबीबीएस चिकटवलं की जाणकार वाचकाचा बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

आता परवान्याकडे. ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आणि डॉक्टरांचं रजिस्टर सुरू झालं. १८८६ च्या दुरुस्तीने वैद्यक, शल्यकर्म आणि प्रसूती या तिन्हींत परीक्षा दिल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही असं ठरलं. हिंदुस्थानात असं रजिस्टर नव्हतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत 'रजिस्टर्ड' डॉक्टर याचा एकच अर्थ, ज्याचं नाव लंडनच्या वहीत आहे तो.

स्त्री डॉक्टरांच्या कागदपत्रांत हे फार स्पष्ट दिसतं. पुढे मुंबईत काम केलेल्या इंग्रज डॉक्टर एडिथ पीची यांची एम.डी. बर्नची, १८७७ ची. पण त्या एम.डी.वर ब्रिटनमध्ये नोंदणी होत नव्हती, म्हणून त्याच वर्षी त्यांनी आयर्लंडच्या किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्सची परीक्षा दिली. पदवी स्वित्झर्लंडची, नोंदणीचा आधार डब्लिनचा. रखमाबाई शिकल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत, पण १८९४ मध्ये नोंदणीसाठी पात्रता घेतली ती एडिंबरो आणि ग्लासगोच्या संस्थांची, एम.डी. ब्रुसेल्सची. तीन शहरं बघून लोक समजतात की त्या तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं शिकत होत्या. तसं नाही. शिक्षण एकीकडे, परीक्षा दुसरीकडे, ही तेव्हाची सर्रास रीत. ब्रुसेल्सची एम.डी. तर बरेचसे ब्रिटिश लायसेन्शिएट थोड्या दिवसांसाठी जाऊन, परीक्षा देऊन आणत, कारण नुसत्या लायसन्सवर नावामागे 'एम.डी.' लावता येत नसे.

आणि आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम.डी. मिळाली. 'त्यांच्याकडे भारतात प्रॅक्टिसचं लायसन्स नव्हतं' असं वाक्य कुठे कुठे वाचायला मिळतं, ते निरर्थक आहे. लायसन्स कुणाकडेच नव्हतं. अमेरिकन पदवी लंडनच्या रजिस्टरात बसत नव्हती हे खरं, पण कोल्हापूर हे संस्थान होतं. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमणूक करायला दरबारची इच्छा पुरेशी होती, आणि ती झालीही. कामाला लागण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या.

मुंबईचा वैद्यकीय कायदा आला १९१२ मध्ये, आणि त्यासोबत बॉम्बे मेडिकल कौन्सिल. बंगाल आणि मद्रासचे कायदे १९१४ चे, मध्य प्रांताचा १९१६ चा. या कायद्याने रजिस्टर दिलं, पण बिगरनोंदणी माणसाला धंदा करायला बंदी केली नाही. मिळालं काय? ज्या दाखल्यांना कायद्याने डॉक्टरची सही लागते ते दाखले फक्त रजिस्टरातल्या माणसाचे चालणार, आणि सरकारी व निमसरकारी दवाखान्यांतल्या जागा त्यांनाच. बाकी गावात नाडी बघून पुड्या देणाऱ्याला कुणी हात लावला नाही. बंदीचं कलम मुंबईत आलं ते १९३८ च्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये, ज्यात वैद्य आणि हकिमांच्या नोंदणीचीही सोय झाली.

रजिस्टरातली एक ओळ कशी वाचायची ते सांगतो, कारण चूक इथेच होते. समजा नाव आणि पत्त्यानंतर 'एल.एम.अँड एस., बॉम्बे, १८९८' असं आहे आणि नोंदणीची तारीख १९१२ नंतरची. बरेच जण नोंदणीच्या वर्षाला 'डॉक्टर झाले ते वर्ष' समजतात आणि माणसाचं वय, लग्न, पहिली नोकरी सगळंच पुढे ढकलतात. काही जण उलटं टोक गाठून मधली चौदा वर्षं 'विनापरवाना प्रॅक्टिस' ठरवतात. पात्रतेचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष हे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्या काही वर्षांतल्या नोंदींत म्हातारे-तरुण सगळे एकदम आत आले, म्हणून तिथली नोंदणीची तारीख चरित्राच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी आहे.

मग १९१६ चा इंडियन मेडिकल डिग्रीज अ‍ॅक्ट. हा पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या वाटण्यावर लगाम घालणारा कायदा. परिशिष्टातल्या संस्थांशिवाय कुणी अशी पदवी किंवा तिची नक्कल दिली तर हजार रुपयांपर्यंत दंड. खोटी अक्षरं लावणाऱ्याला अडीचशेपर्यंत, दुसऱ्यांदा सापडला तर पाचशेपर्यंत. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांना 'पाश्चात्त्य वैद्यका'च्या व्याख्येतूनच वगळलं होतं. खटला भरायचा तर प्रांतिक सरकारचा हुकूम किंवा मंजुरी लागे, म्हणजे शेजाऱ्याच्या तक्रारीवर कुणी कोर्टात उभं राहत नव्हतं.

हा कायदा का हवा होता ते कलकत्त्यात बघायला मिळतं. तिथे सरकारी मान्यतेबाहेरची राष्ट्रीय वृत्तीची कॉलेजं होती आणि त्यांच्याही प्रमाणपत्रांवर 'एल.एम.अँड एस.' असे. नागपूरचे केशव बळिराम हेडगेवार अशाच नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकले. म्हणजे तीच अक्षरं विद्यापीठाचीही असू शकतात आणि खासगी कॉलेजचीही. सरकारला त्यात भोंदूगिरी दिसत होती, चालवणाऱ्यांना स्वावलंबन. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं असं माझं मत. अशी कॉलेजं चालवणाऱ्यांत नुसती दुकानं थाटलेले लोकही होतेच.

आता धाकट्या भावाकडे वळू. एल.सी.पी.एस. म्हणजे लायसेन्शिएट ऑफ द कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ऑफ बॉम्बे. हे 'कॉलेज' म्हणजे वर्ग आणि बाकं असलेलं कॉलेज नव्हे, ही परीक्षा घेणारी संस्था, १९१२ ची. शिकवायचं काम वैद्यकीय शाळांचं, त्यात पुण्याची बी.जे. मेडिकल स्कूल आणि अहमदाबादची तिची बहीण. पुण्याची शाळा १८७१ ची. सुरुवातीला तिथे सरकारी दवाखान्यांसाठी हॉस्पिटल असिस्टंट तयार होत. या हॉस्पिटल असिस्टंटांना १९१० पासून 'सब-असिस्टंट सर्जन' म्हणू लागले. त्यामुळे नोकरीच्या कागदावर 'एस.ए.एस.' दिसलं तर ती पदवी नाही, हुद्दा आहे. त्याहीआधी, १८६१ पासून, ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजरातीतून शिकवणारे वर्ग होते. सखाराम अर्जुन तिथे शिकवत. शरीरशास्त्र मराठीतून शिकवता येत नाही असं आज कुणी म्हणालं की हे आठवावं.

शाळेचा अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा, मॅट्रिकनंतर. विद्यापीठाचा पाच वर्षांचा, आणि पुढे पुढे इंटर सायन्सनंतर. फी कमी, प्रवेश सोपा, म्हणून तालुक्याच्या गावातला डॉक्टर बहुधा एल.सी.पी.एस. असे. १९१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात विद्यापीठांबरोबर या मुंबईच्या संस्थेचंही नाव होतं, त्यामुळे ही पदविका कायदेशीर आणि बॉम्बे मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरात बसणारी. याच संस्थेच्या एम.सी.पी.एस. (मेंबर) आणि एफ.सी.पी.एस. (फेलो) या वरच्या पायऱ्या. एफ.सी.पी.एस.ला विलायती फेलोशिप समजण्याची चूक फार होते.

घराणं मुंबई इलाख्याबाहेरचं असेल तर अक्षरं बदलतात. विदर्भात 'एल.एम.पी.' (लायसेन्शिएट मेडिकल प्रॅक्टिशनर) दिसेल, नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचं. ती शाळा १९१४ ची, तिचं १९४७ मध्ये कॉलेज झालं. मराठवाड्यातले लोक निजामाच्या हैदराबादला जात. तिथली वैद्यकीय शाळा १८४६ ची, सुरुवातीचं शिक्षण उर्दूतून, आणि पास झालेल्याला किताब 'हकीम'. म्हणून जुन्या हैदराबादी कागदावर 'हकीम' दिसलं की लगेच युनानी ठरवू नका. त्या हकिमाने मृतदेहाचं विच्छेदन केलेलं असू शकतं. गोव्यात एस्कोला मेडिको-सिरुर्जिका १८४२ पासून पणजीत होती, ग्रँटच्याही तीन वर्षं आधी. पण तिथून पास झालेल्याला पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची तर तिथल्या विद्यालयात पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. आफ्रिकेतल्या वसाहतींत मात्र हेच गोवेकर डॉक्टर बिनतक्रार पाठवले जात.

ही दुजाभावाची गोष्ट ब्रिटिश मुलखातही होतीच, फक्त कागदोपत्री जास्त नीटस. लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी विद्यापीठांच्या पदव्या १८९२ पासून मान्य केल्या. पहिल्या महायुद्धानंतर तिने प्रसूतीच्या शिक्षणावर बोट ठेवलं: प्रत्येक विद्यार्थ्याने वॉर्डात, देखरेखीखाली, स्वतः किती बाळंतपणं केली? हा प्रश्न खोडसाळ नव्हता. मुंबईला जे.जे.जवळ बाई मोतलीबाई प्रसूतिगृह होतं, पण देशभर बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून होत असे. प्रसूतिगृहात बायका येत नव्हत्या, आल्या तर पुरुष विद्यार्थ्याला जवळ येऊ देत नव्हत्या. मग केसेस आणायच्या कुठून? कौन्सिलतर्फे सर नॉर्मन वॉकर १९२२ मध्ये तपासणीला आले. पुढे वाद शिक्षणाचा राहिला नाही, 'तपासनीस नेमायचा कुणी' याचा झाला. लंडनला हव्या असलेल्या व्यवस्थेला इथल्या कायदेमंडळातून पैसा मंजूर होईना, आणि १९३० मध्ये लंडनने मान्यता थांबवली. त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला, आणि १९३६ पासून मान्यता पुन्हा सुरू झाली. म्हणून १९३० ते ३६ मधल्या एम.बी.बी.एस.ने एडिंबरो किंवा लंडनला जाऊन आणखी एक साधी परीक्षा दिलेली दिसली, तर 'इथे नापास झाला असेल' असं म्हणू नका. (१९७५ मध्ये लंडनने ही मान्यता पुन्हा काढून घेतली.)

या सगळ्यात खरा मार बसला तो धाकट्या भावाला. १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय दर्जा फक्त विद्यापीठाच्या पदव्यांना दिला आणि लायसेन्शिएटांना बाहेर ठेवलं. प्रांताच्या रजिस्टरात ते होते, दिल्लीच्या यादीत नव्हते. आणि ही मंडळी थोडीथोडकी नव्हती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात नोंदणीकृत डॉक्टरांपैकी १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० लायसेन्शिएट असा हिशेब आहे. समितीने एकच प्रकारचा डॉक्टर हवा असं म्हणत शाळा बंद करण्याची शिफारस केली. समितीत यावर मतभेद होते, आणि मला विरोधकांचा मुद्दा अजून पटतो: खेड्यात जो जात होता त्यालाच बंद करून शहरात राहणारा वाढवला. पुण्याच्या बी.जे.चं १९४६ मध्ये कॉलेज झालं. जुन्या लायसेन्शिएटांसाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम निघाला. एकाच माणसाच्या नावापुढे एल.सी.पी.एस. आणि दहा-पंधरा वर्षांनी एम.बी.बी.एस. दिसतं ते यामुळे. ती दोन माणसं समजून वंशावळीत दोन चौकोन काढू नका.

आता कामाला लागताना. पाटी, लेटरहेड, प्रिस्क्रिप्शनचा कागद, जे असेल त्याचा फोटो घ्या आणि अक्षरं टिंबांसकट, कंसासकट उतरवा. पणजोबांसाठी मुंबई विद्यापीठाची त्या त्या वर्षाची कॅलेंडरं (वार्षिक माहितीपुस्तकं) बघा, त्यांत पास झालेल्यांच्या याद्या असतात. एल.सी.पी.एस. त्यांत कधीच सापडणार नाही, कारण परीक्षाच विद्यापीठाची नव्हती. त्यासाठी कौन्सिलचं छापील रजिस्टर आणि सरकारी गॅझेट. सरकारी नोकरी केली असेल तर सिव्हिल लिस्ट, म्हणजे सरकारी नोकरांची छापील यादी. यातलं बरंच मुंबईत काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात मागता येतं. विलायतेला गेलेले असतील तर ब्रिटनचं मेडिकल रजिस्टर.

नाव सापडत नाही म्हणून हात टेकू नका. भाऊ दाजी हे लाड, आत्माराम पांडुरंग हे तर्खडकर, सखाराम अर्जुन हे राऊत. तिघांच्याही रूढ नावात आडनाव नाही. तुमच्या पणजोबांचं आडनावही शाळेत एक, नोकरीत दुसरं असू शकतं. आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव अशा तिन्ही अक्षरांखाली शोधा. इंग्रजी स्पेलिंग दर दहा वर्षांनी बदलतं: 'विष्णू' व्ही-आयनेही येतो, व्ही-डबल-ईनेही, डब्ल्यूनेही.

काही अक्षरं हमखास फसवतात. 'एल.एम. (बॉम्बे)' म्हणजे वैद्यकाची पूर्ण पदवी, पण 'एल.एम. (डब्लिन)' किंवा 'एल.एम. (रोटंडा)' (रोटंडा हे डब्लिनचंच प्रसूतिगृह) म्हणजे फक्त प्रसूतीशास्त्राचं लायसन्स, मूळ पदवी वेगळी असते. 'आर.एम.पी.' ही पात्रताच नाही, 'नोंदलेला व्यावसायिक' एवढंच, आणि कुठल्या रजिस्टरात ते पाटी सांगत नाही. 'जी.एफ.ए.एम.' आयुर्वेदाची. 'आयुर्वेद विशारद' असेल तर टिळक महाराष्ट्र विद्यापीठाकडे चौकशी करा. आणि 'डॉ.' या दोन अक्षरांवरून काहीच ठरवू नका. ते तेव्हा कंपाउंडरालाही लोक प्रेमाने लावत.

तुमच्या इतिहासात ओळ अशी येऊ द्या: 'एल.एम.अँड एस. (मुंबई विद्यापीठ), अमुक साल. बॉम्बे मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी, अमुक साल.' धाकट्यांसाठी: 'एल.सी.पी.एस. (बॉम्बे), अमुक साल; शिक्षण अमुक मेडिकल स्कूल.' शाळेचं नाव कळलं नसेल तर तो भाग गाळा, अंदाजाने पुणे घालू नका. अहमदाबादलाही मराठी मुलं होती.